गिरणीमागचा डावा, उलटा

२०२४ साली मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो, आणि त्याच साली आमच्या टाकीवर डबा बसला.

डबा म्हणजे राखाडी रंगाची पेटी, पंपघराच्या भिंतीला ठोकलेली. तोंडावर काच, काचेवर अक्षरं उमटायची. टाकीत पाणी किती, कोणता व्हॉल्व उघडा, कोणता बंद, हे इथून पुढं डबा सांगणार, असं समितीनं ठरवलं. समिती म्हणजे खुलताबाद रोडच्या अंगाला आमच्या ज्या सोसायट्या आहेत त्यांची. संभाजीनगरात नळाला पाणी रोज येत नाही. येईल तेव्हा टाकीत भरून घ्यायचं आणि गल्लीगल्लीला पाळीनं सोडायचं. ते सोडायचं काम इतकी वर्षं मी केलं. गुडघे गेले म्हणून मी सोडलं, कुणी काढलं म्हणून नव्हे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण लोक वेगळं सांगतात.

माझं शिक्षण सोयगावाकडच्या एका शाळेत चौथीपर्यंत. वाचता येतं, लिहिता येतं आणि समोरचा खोटं बोलतोय का ते कळतं. व्हॉल्वमनला तेवढं पुरतं. या कामात तुमच्याकडं कुणी सरळ नजरेनं बघत नाही. वरच्या गल्लीला वाटतं तुम्ही खालच्या गल्लीला जास्त पाणी देता. खालच्या गल्लीला वाटतं वरच्या गल्लीत तुमची सोयरीक आहे. मग तुम्हीही कुणाकडं सरळ बघत नाही. पाणी सोडलं की मी गल्लीतून चालत जायचो आणि घरांच्या भिंतींना कान लावायचो. नळाला चोरून मोटर लावली असेल तर भिंत घुमते. पोत्याखाली झाकलेल्या, बादलीखाली झाकलेल्या, एकदा तर देव्हाऱ्यामागं ठेवलेली, अशा कितीतरी मोटरी मी पकडल्यात.

त्यामुळं डब्याचा मला पहिल्या दिवसापासून शक. ज्याला तहान लागत नाही त्यानं पाण्याचं सांगायचं, हेच मला पटत नव्हतं. त्यात डब्याच्या पोटातलं लिखाण माझ्या सुनेचं निघालं. तो दुसरा शक.

सून इंजिनिअर. असले डबे बनवणारी एक कंपनी आहे, तिच्यात नोकरीला. पण काम बहुतेक घरूनच, पुढच्या खोलीत. मुलगा वाळूजला शिफ्टवर जातो. म्हणजे दिवसा घरात ती, मी आणि माझी बायको. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. ती मला मामा म्हणते, चहा वेळेवर देते, आवाज चढवत नाही. इतकं सरळ वागणाऱ्या माणसाचं काय चाललंय ते बघावंच लागतं. म्हणून एक दिवस दारात उभा राहून विचारलं, "दिवसभर काय लिहितीस?"

"डब्याचा कर्नल, मामा."

"म्हंजे?"

"म्हणजे गाभा. वरचा एखादा प्रोग्राम चुकला तर एक खोली बंद पडते. गाभ्यात चुकलं तर सगळं घर बसतं. म्हणून तिथं जपून लिहावं लागतं."

"आन चुकलं तर?"

"तर माझ्यावर येतं."

उत्तर सरळ होतं. मी तिथंच थोडा वेळ उभा राहिलो, अजून काही निघतंय का ते बघत. काही निघालं नाही.

मग एका दुपारी ती खुर्ची घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. "मामा, व्हॉल्वची नावं सांगा."

"कशाला?"

"डब्यावर टाकायची. समितीनं नंबर दिलेत, पण ते घेऊन मी काल गल्लीत फिरले. एकही जुळत नाही."

जुळणारच नव्हते. एका ठेकेदारानं कधीकाळी पिवळ्या रंगानं नंबर टाकले. पुढं दुसरा आला, त्यानं दुसऱ्या टोकाकडून मोजत लाल रंगानं टाकले. आता नऊ म्हटलं की दोन ठिकाणी झाकणं उचलावी लागतात. आम्ही व्हॉल्वमन लोकांनी नंबर कधी वापरलेच नाहीत. आमची नावं होती. एक बाळंतिणीचा. त्या घरात लेकरू झालं तेव्हा त्यांना पहिलं पाणी दिलं होतं. ते लेकरू आता मोटरसायकल चालवतं, पण पहिली पाळी अजून त्या व्हॉल्वचीच. एक भांडणाचा. तिथं दोन गल्ल्यांची हद्द आहे, एवढं सांगितलं तरी कळावं. आणि एक गिरणीमागचा डावा, उलटा.

गिरणी कधीच बंद पडली, तिथं आता मोबाइलचं दुकान आहे, पण व्हॉल्व गिरणीचाच. मागं दोन चेंबर आहेत. डाव्या चेंबरातल्या व्हॉल्वचे आटे उलटे आहेत. कुणी बसवला, का बसवला, ठाऊक नाही. बाकी सगळे व्हॉल्व उजवीकडं फिरवले की बंद होतात. हा उजवीकडं फिरवला की उघडतो. म्हणून नावाच्या शेवटी उलटा. आमच्यात नवा माणूस आला की त्याला त्या चेंबरावर उभं करायचं आणि नाव म्हणायला लावायचं. शेवटचा शब्द त्याच्या तोंडून आल्याशिवाय चावी हातात द्यायची नाही. चावी म्हणजे कमरेइतका उंच लोखंडी दांडा, वर आडवी मूठ. पाणी त्या दांड्यात असतं. नळ नंतरचे.

तर मी नावं सांगितली. खुशीनं नाही सांगितली. ही नावं माझ्या डोक्यात होती तोवर टाकीला माझी गरज होती, आणि ते मला कळत होतं. तिनं सगळी मराठीत, आहे तशी टाकली. मी शेजारी बसून एकेक वाचलं. कुठं आखूड केलंय का बघत होतो. एकही केलेलं नव्हतं.

पहिले काही दिवस डबा बरा चालला. मग उरलेल्या गल्ल्याही त्याला जोडल्या आणि तो अडकायला लागला. चालता चालता काच काळी व्हायची, मग कुणी काही दाबा, हलत नसे. टाकी भरली हे कळायचं नाही, पंप चालूच राहायचा, पाणी वरून रस्त्यावर.

सुनेचे साहेब घरीच आले. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, त्यामुळं माझ्या बायकोचं मत लगेच चांगलं झालं. माझं नाही झालं. दारात चपला नीट ठेवणारे पुष्कळ बघितलेत.

चहा होईपर्यंत ते इकडचं तिकडचं बोलले. मग तिला म्हणाले, "वर्कशॉपमध्ये नंबर टाकून महिनाभर चालवला, एकदाही अडकला नाही. मराठी नावं टाकली आणि सुरू झालं. नावं काढ, नंबर टाक."

"सर, नावांमुळं अडकतोय हे खरं. पण चूक नावांत नाहीये."

"मग कुठं आहे?"

"ते अजून सापडलं नाही."

साहेबांनी कप खाली ठेवला. "पुढच्या आठवड्यात समितीची बैठक आहे. तोवर हे नीट झालं नाही तर मला काम पुण्याच्या टीमला द्यावं लागेल. आणि मग इथं तुझ्यासाठी गाभ्याचं दुसरं काम माझ्याकडं नाही. स्पष्ट सांगतो."

नोकरी जाईल, हे ते इतक्या मऊ आवाजात म्हणाले की बायकोला उशिरा कळलं. मी मध्ये पडलो. "नंबर टाकले तर चुकीचा व्हॉल्व उघडंल."

"काका, नंबर पुन्हा रंगवून घेऊ."

"दोनदा रंगवून झालेत."

ते हसले. ते हसणं मला आवडलं नाही.

ते गेल्यावर मी सुनेला म्हणालो, "त्योच करतोय हे. काम पुण्याला न्यायचंय त्याला."

"साहेब तसे नाहीत, मामा."

"मग टाकीवरचा ऑपरेटर. डबा बंद पडला का त्याला आराम."

"चूक माझीच असणार. मला ती दिसत नाहीये, एवढंच."

यावर माझा विश्वास बसला नाही. पाण्याच्या कामात इतकी वर्षं काढली, चूक माझी असणार असं आपणहून म्हणणारा माणूस मला भेटला नव्हता. ही कुणाला तरी पाठीशी घालतेय, असंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी घडीची खुर्ची उचलली आणि पंपघरात जाऊन डब्यासमोर मांडली. ऑपरेटर लासूर स्टेशनकडचा, चाळिशीचा माणूस, टाकीवर नवाच आलेला. मला बघून उठून उभा राहिला.

"चाचा, आज इधर कैसे?"

"हवा खायला."

"पंपघर में हवा?"

"तू तुझं काम कर ना भाई."

"मैं तो करताच है. तुम मेरेकुच देख रहे." थोड्या वेळानं त्यानं चहा मागवला. मी आधी नको म्हणालो. माणूस कपात बघतो तेवढ्यात समोरच्याचा हात कुठंही जाऊन येतो. मग चहा आलाच, तर डब्यावरची नजर न काढता प्यालो आणि जीभ पोळून घेतली. ते त्यानं बघितलं. फक्त म्हणाला, "डब्बे कु मैं हात बी नै लगाता चाचा. मेरेकु डर लगता उसका."

"आता लाव. माझ्यासमोर लाव. यादीचं बटण दाब."

त्यानं एका बोटानं दाबलं आणि मागं सरकला. नावं एकेक वर चढायला लागली. बाळंतिणीचा, बंद. भांडणाचा, उघडा. सगळी माझीच नावं, माझ्याच बोलीत, काचेवर. खरं सांगायचं तर बघायला बरं वाटलं. खालच्या बाजूला गिरणीपर्यंत आलं. गिरणीमागचा डा. एवढंच. पुढचं तुटलं, आणि तिथून पुढं चौकोन, चौकोनांच्या मागून इंग्रजी तुकडे, कसले ते कळेना. मग काच काळी.

ऑपरेटरनं दोन्ही हात वर केले होते, पोलिसांसमोर करतात तसे. त्याच्या आणि डब्याच्या मधे माझी खुर्ची होती. कुणीच काही केलेलं नव्हतं. मला त्याचा राग आला. चोर पकडायला बसावं आणि चोरच नसावा.

घरी येऊन मी सुनेला सांगितलं, "गिरणीमागचा डा, तिथंच तोडलंय. आन पुढं कुणाचं तरी भलतंच आलं."

ती पाणी पीत होती. "भलतंच म्हणजे?"

"चौकोन. मग इंग्रजी. ते आपलं नव्हतं."

तिनं तांब्या खाली ठेवला. "नव्हतंच आपलं," ती म्हणाली आणि पुढच्या खोलीत गेली. दिवेलागणीच्या सुमारास बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मोकळा झाला होता आणि कान लाल होते.

"सापडलं. माझीच चूक आहे."

"कुणी सांगितलं असं म्हणायला?"

"ऐका तरी. डब्याच्या गाभ्यात मजकूर ठेवायला मी एक भांडं घेतलंय. त्याला बफर म्हणतात. ठरलेल्या मापाचं. त्याला लागूनच दुसऱ्यांची भांडी, मधे भिंत नाही. मी एका फंक्शनला, म्हणजे प्रोग्रामच्या एका छोट्या तुकड्याला सांगते, हे नाव भांड्यात लिही, पण काठाच्या बाहेर जाऊ नको. ते जात नाही. मावेल तेवढं लिहितं, थांबतं, आणि मला एक आकडा देतं. मला वाटलं, लिहिलं किती त्याचा तो आकडा."

"मग?"

"जागा असती तर किती लिहिलं असतं, त्याचा आहे तो. भांडं भरलं की आकडा भांड्याहून मोठा होतो. त्या आकड्यावर विसंबून मी मजकूर बाहेर काढत होते. माझं भांडं संपलं तरी माझा हात पुढं, शेजारच्या भांड्यात. ते इंग्रजी शेजारचं होतं. आणि गाभ्यात एक पहारा असतो. परक्याच्या भांड्यात हात गेलेला दिसला की तो सगळं बंद करतो. म्हणून काच काळी."

"म्हंजे ते फंक्शन खोटं बोललं."

"नाही मामा. त्याच्या माहितीत तसंच लिहिलंय. पुढच्या वेळी केवढं भांडं लागेल ते आपल्याला कळावं म्हणून ते तसं सांगतं. मी घाईनं वाचलं. नंबर होते तेव्हा भांडं कधी भरलंच नाही, म्हणून चूक दिसली नाही. त्यात मराठीचं एक अक्षर तीन घरं घेतं."

"आन इंग्रजीचं?"

"एक."

"हे कुणी ठरवलं?"

"त्यावर आपण नंतर भांडू."

त्या आकड्याचं मला मनातून नवल वाटलं नाही. गल्लीत कुणालाही विचारा पाणी किती आलं. प्रत्येक जण किती यायला पाहिजे होतं तेच सांगतो. म्हणून मी ड्रममध्ये डोकावून बघायचो.

तिनं ते फंक्शन काढून दुसरं लावलं. हे लिहिलं तेवढंच सांगतं, म्हणाली. डबा अडकायचा थांबला. साहेबांचा फोन आला, चांगलं बोलले. बायकोनं शिरा केला. मी शिरा खाल्ला आणि टाकीवर जाऊन काचेत बघून आलो, साहेबांनी मागच्या मागं नंबर तर घुसवले नाहीत ना म्हणून. वरची नावं नीट होती. खालपर्यंत मी बघितलं नाही, गुडघा दुखत होता आणि यादी लांब होती.

पुढं वरच्या गल्लीची पाळी आली. आधी गिरणीमागचा डावा बंद करायचा, मग वर पाणी सोडायचं. ऑपरेटरची त्या व्हॉल्ववर ही पहिलीच वेळ, त्यानं यादी बघितली. काचेवर होतं गिरणीमागचा डावा. त्या दिवशी वरचे जास्त व्हॉल्व बंद होते, आणि बंद हा शब्द उघडापेक्षा आखूड, म्हणून डावा पुरता मावला होता. शेवटचा शब्द भांड्यात मावला नव्हता, तो काठावर कापला गेला होता. या वेळी चौकोन नाहीत, इंग्रजी नाही, काच काळी नाही. स्वच्छ कापलेलं. त्यानं चावी घेतली, चेंबरात घातली आणि बंद करायचा म्हणून उजवीकडं फिरवत गेला, हाताला अडेपर्यंत. व्हॉल्व पूर्ण उघडला. टाकी सगळी खालच्या गल्लीत रिकामी झाली.

वरच्या गल्लीची माणसं समितीकडं गेली नाहीत. माझ्या दारात आली. त्यांच्या लेखी पाणी म्हणजे अजून मीच.

"काय हो, रिटायर झालात तरी खालच्या गल्लीचंच बघता व्हय?"

"मी घरात बसलोय. दिसत नाय?"

"बसल्या जागेवरून तर करता ना सगळं. सुनेचाच डबा आहे."

हे त्यांनी तिच्यादेखत म्हटलं. ती दारामागं उभी होती. त्यांच्या मागून ऑपरेटर आला, घामानं भिजलेला. "चाचा, डब्बे पे जो लिखा था वोइच किया मैंने. उल्टा लिखाच नै था."

"तुला ठाऊक पाहिजे होतं."

"मेरेकु कौन बताया?"

कुणीच सांगितलं नव्हतं. डबा आला म्हणून त्याला चेंबरावर उभा करून नाव म्हणायला कुणी लावलंच नव्हतं. यात मीही आलो, पण ते मी त्याला बोलून दाखवलं नाही.

माणसं गेल्यावर साहेबांचा फोन. तिनं ऐकून घेतला, हो सर म्हणाली, ठेवला. "उद्या येतायत. आता तरी नंबर टाक म्हणाले. नाहीतर उद्याच पुण्याला देतील." मग कुणाकडंच न बघता म्हणाली, "शब्द कापला, आणि कापला हे सांगितलं नाही. अडकत होता तेव्हा निदान कळत तरी होतं."

ती जेवायला आली नाही. बायको भाकरी थापता थापता मला म्हणाली, "अहो, तुमच्या त्या हातहातभर नावांनी पोरीची नोकरी खाल्ली."

ताट तसंच ठेवून मी पुढच्या खोलीत गेलो. तिथं उभं राहून म्हणालो, "नंबर टाक. राहू दे ती नावं." हे मी म्हणतोय यावर माझाच विश्वास बसेना.

तिनं मान वळवून बघितलं. "मनापासून म्हणताय?"

"नाय. पन टाक."

"मग नाही टाकत," ती म्हणाली. "नंबर टाकले तर चूक झाकली जाईल, जाणार नाही. आज तुमची नावं लांब आहेत. उद्या दुसरं काही लांब येईल. भांडं भरलं हे ज्याला कळत नाही त्याच्या हातात टाकी द्यायची नाही."

"मग काय करणार?"

"गाभ्यात याची सोय आधीपासून आहे. माझ्यासारख्या घाईच्या माणसांसाठीच लोकांनी करून ठेवलीय. भांडं पुरेल असं वाटलं म्हणून मी वापरली नाही. तिथं हिशेब मी करायचाच नाही, भांडं स्वतः करतं. यादी मावली नाही तर ते तशी खूण करतं आणि अर्धी यादी बाहेर देतच नाही. लिहिलेलं सगळं टाकून देतं, दुप्पट मोठं भांडं घेतं आणि पहिल्या नावापासून परत लिहितं. शेवटचा शब्द आत आला तरच यादी बाहेर. आणि मोठं भांडंच मिळालं नाही तर तसं सांगायचं, गप्प बसायचं नाही."

मी म्हणालो, "आम्ही चावी देत नव्हतो."

"काय?"

मी तिला चेंबरावर नाव म्हणायला लावायची आमची रीत सांगितली. उलटा म्हणेपर्यंत दांडा कसा धरून ठेवायचो, आणि एकदा एका रागीट माणसानं त्या दांड्यासाठी माझ्याशी कशी झोंबाझोंबी केली, तेही. कितीतरी दिवसांनी ती हसली. मग म्हणाली, "जेवण झाकून ठेवायला सांगा. मला थोडा वेळ लागेल."

दुसऱ्या दिवशी साहेब आले ते थेट पंपघरात. मी खुर्ची घेऊन आधीच बसलो होतो. ऑपरेटर माझ्यापासून लांब, दारात. सुनेनं डब्याला वायर लावली आणि काय बदललंय ते साहेबांना त्यांच्या भाषेत सांगितलं. ते ऐकत होते, पण मानत नव्हते, हे मला त्यांच्या भुवईवरून कळलं. माझीही भुवई तशीच असते.

"मला मुद्दाम मोडून बघायचाय," साहेब म्हणाले. "लांबात लांब नाव टाका. काका, एखादं नाव सांगा, जेवढं लांब सुचेल तेवढं."

मी म्हणालो, "साहेबांनी न विचारता नंबर रंगवायला काढले आणि मग पायऱ्या उतरून परत यावं लागलं तिथला उजवीकडचा."

ऑपरेटरनं तोंडावर हात धरला. सुनेनं माझ्याकडं बघितलं, मग साहेबांकडं. साहेब म्हणाले, "टाक. चांगलं लांब आहे." तिनं टाकलं, आणि तेच नाव यादीत पुन्हा पुन्हा, डबा फुटेल इतक्या वेळा. मग बटण दाबलं.

काच क्षणभर नुसती कोरी राहिली. मला वाटलं गेलं. साहेबांनी हाताची घडी घातली. मग नावं चढायला लागली, बाळंतिणीच्यापासून, आणि साहेबांची ती ओळ इतक्या वेळा गेली की त्यांनाच हसू आलं. सगळ्यांत शेवटी आलं गिरणीमागचा डावा, उलटा. शेवटच्या शब्दापर्यंत.

"आता उलट करून दाखव," साहेब म्हणाले. "मोठं भांडं मिळालंच नाही तर?"

तिनं आत काहीतरी बदललं आणि पुन्हा बटण दाबलं. या वेळी एकही नाव आलं नाही. काचेवर एवढंच आलं: जागा अपुरी, यादी दाखवता येत नाही.

साहेब बराच वेळ ते वाचत राहिले. एवढ्या चार-पाच शब्दांत वाचण्यासारखं काय आहे ते मला कळेना, म्हणून मीही पुन्हा वाचलं. मग ते म्हणाले, "ठीक. नावं राहू दे. काम तुझ्याकडंच राहील, समितीला मी सांगतो." आणि मला म्हणाले, "काका, मीही तुमच्यासारखाच आहे. बघितल्याशिवाय मानत नाही." माझ्यासारखा आहे म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मला समजत नाही.

घरी येताना सून हळू चालत होती, माझ्या गुडघ्यांसाठी, पण तसं दाखवत नव्हती. चौकात म्हणाली, "मामा, उद्या सकाळी गिरणीमागचा बंद करायचाय. तुम्ही जाल का? डबा काय सांगतो आणि जमिनीखाली काय आहे, ते जुळवून बघा. साहेबांनी बघितलं, मी बघितलं. पण आम्ही दोघंही काचच बघतो."

"लोक म्हणतील सुनेवर भरोसा नाय."

"ठेवूच नका," ती म्हणाली. "तुम्ही ठेवला तर मला पुन्हा तपासायला कोण राहील?"

बायकोनं ऐकून विचारलं, "आणि गुडघे?" मी म्हणालो, गुडघे माझे आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारामागची माझी जुनी चावी काढली, तिच्यावरची जाळी फडक्यानं पुसली आणि तिचाच आधार घेत टाकीवर गेलो. ऑपरेटरला यादी वाचायला लावली, आणि त्याला घेऊन मोबाइलच्या दुकानामागं, डाव्या चेंबरावर नेऊन उभा केला. झाकण त्यानं उचललं. मी दांडा दोन्ही हातांनी धरून म्हणालो, "नाव सांग."

"गिरणीमागचा डावा."

मी दांडा सोडला नाही. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग दांड्याकडं.

"उल्टा," तो म्हणाला.

मी चावी त्याच्या हातात दिली. त्यानं डावीकडं फिरवली, सावकाश, हाताला अडेपर्यंत. मग मी भिंतीला धरून खाली बसलो, पाइपाला कान लावला आणि आतला आवाज पूर्ण थांबेपर्यंत उठलो नाही.